नव्या निदेशकाचे पहिले वर्ष

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकवणाऱ्याला कागदोपत्री निदेशक म्हणतात. आपल्या गोव्यात मात्र सगळे त्याला इन्स्ट्रक्टर म्हणतात आणि मुले सर किंवा मॅडम म्हणतात. या पदावर रुजू होणाऱ्याकडे पदविका किंवा पदवी असते, कारखान्यातली दोन-चार वर्षे गाठीशी असतात, आणि कारागीर निदेशक प्रशिक्षणाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम झालेला असेल, तर पाठाचे टाचण कसे काढायचे हेही ठाऊक असते. तरीसुद्धा वीस मुलांची तुकडी पहिल्यांदा समोर उभी राहते तेव्हा, आपल्याला जे करता येते ते दुसऱ्याच्या हातात कसे उतरवायचे, हा प्रश्न उरतोच. पुढील मार्गदर्शन त्या पहिल्या वर्षासाठी आहे. मी इलेक्ट्रिशियन ट्रेडमध्ये शिकवले असल्यामुळे उदाहरणे बहुतेक विजेची आहेत. फिटर, वेल्डर, डिझेल मेकॅनिक किंवा वातानुकूलन शिकवणाऱ्यांनी ती आपापल्या कामात बसवून घ्यावीत.

या सर्व सूचनांच्या मुळाशी एकच कसोटी आहे. विद्यार्थी एकटा आहे, वर पाहणारे कोणी नाही, काम आटोपण्याची घाई आहे, आणि काही चुकले तरी ते भिंतीत किंवा झाकणाखाली लपून जाणार आहे. अशा वेळी तो काम नीट करतो का? वर्षभर जे शिकवाल ते या कसोटीला उतरेल असे शिकवावे.

तुकडी येण्यापूर्वी

अभ्यासक्रमातला प्रत्येक जॉब, म्हणजे विद्यार्थ्याने करून दाखवायचे प्रत्येक काम, तुकडी येण्याआधी स्वतःच्या हाताने एकदा पूर्ण करावे, आणि तेही संस्थेतल्याच अवजारांनी व संस्थेतल्याच सामानाने करावे. घरच्या उत्तम पकडीने सहज होणारे काम कार्यशाळेतल्या झिजलेल्या पकडीने होत नाही, हे मुलांसमोर उभे राहिल्यावर कळले तर तो तास वाया जातो. करताना घड्याळ लावावे. आपल्याला वीस मिनिटे लागली तर नवख्या विद्यार्थ्याला तास-सव्वा तास लागेल असे धरून वेळापत्रक आखावे. इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या २०२२च्या सुधारित अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाच्या १,२०० तासांपैकी ८४० तास प्रात्यक्षिकासाठी ठेवले आहेत. हा आकडा मोठा वाटतो, परंतु सामान आणणे, हजेरी, अवजारांचे वाटप आणि वीज जाणे यांत त्यातला बराच वेळ निसटतो, म्हणून सामानाची मागणी निदान दोन महिने आधी नोंदवावी. वायर, लग, हॅकसॉची पाती, वेल्डिंगच्या कांड्या यांसारख्या संपणाऱ्या वस्तूंची यादी वेगळी ठेवावी, कारण मोठी यंत्रे सहसा जागेवर असतात आणि काम अडते ते अशा छोट्या वस्तूंवाचून.

अवजारांच्या फळीवर प्रत्येक अवजाराची आकृती रंगवून घ्यावी. दिवस संपताना कोणती जागा रिकामी आहे हे एका नजरेत दिसते आणि कोणावर संशय घेण्याची वेळ येत नाही.

पहिले पंधरा दिवस

या काळात फार काही शिकवून होत नाही आणि व्हायलाही नको. या पंधरा दिवसांत सवयी लागतात आणि ज्या लागतात त्या टिकतात. विजेच्या कामात पहिली सवय अशी की, ज्याला हात लावायचा तो भाग बंद करायचा, बंद केलेल्या स्विचला कुलूप व पाटी लावायची आणि त्यानंतर वीज खरोखर गेली आहे की नाही हे मोजून पाहायचे. मोजण्याचीही एक रीत आहे. मीटर आधी चालू असलेल्या ठिकाणी लावून तो दाखवतो आहे याची खात्री करावी, मग बंद केलेल्या ठिकाणी मोजावे, आणि शेवटी पुन्हा चालू ठिकाणी लावून मधल्या काळात मीटर बिघडला नाही ना हे पाहावे. मुलांना हे तिसरे पाऊल अनाठायी वाटते. त्यांना सांगावे की, बिघडलेला मीटर आणि मृत तार दोन्ही शून्यच दाखवतात.

खिशातल्या टेस्टरवर विश्वास ठेवू नये हेही याच दिवसांत दाखवून द्यावे. एका फळीवर दिवा आणि स्विच जोडून न्यूट्रल मध्येच तोडावी आणि स्विच चालू करावा. दिवा लागत नाही, तरी तुटलेल्या न्यूट्रलच्या दिव्याकडच्या टोकाला टेस्टर लावला की तो पेटतो, कारण दिव्यातून फेज तिथपर्यंत पोहोचलेला असतो. "न्यूट्रल आहे, हात लावायला हरकत नाही" असे म्हणणारा हात इथेच थांबतो. हा प्रयोग निदेशकाने स्वतः करावा, मुलांना अंतरावर उभे करावे, आणि फळीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवल्याशिवाय करू नये.

विद्यार्थ्याला नावाने हाक मारावी. आपल्याकडे सर मुलांना 'तू' म्हणतात आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. परंतु 'ए' म्हणून बोलावलेला मुलगा वर्षभर मागच्या रांगेत राहतो, असे मी पाहिले आहे.

करून दाखवणे

कारागीर निदेशक प्रशिक्षणात तयारी, सादरीकरण, उपयोजन आणि चाचणी अशा चार पायऱ्या शिकवतात, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांनी नवख्या कामगारांना झटपट तयार करण्यासाठी जी पद्धत वापरली तिचाही गाभा हाच होता. पायऱ्या बरोबर आहेत, घोटाळा होतो तो दुसरीत, कारण निदेशक एकदा करून दाखवतो, "समजले ना?" असे विचारतो आणि सगळी मुले मान हलवतात.

माझी रीत अशी होती. पाच-सहा मुलांना जवळ घ्यायचे, कारण विसांच्या घोळक्यात मागच्यांना फक्त पाठी दिसतात. त्यांना समोर उभे न करता आपल्या बाजूला किंवा खांद्यामागे उभे करायचे, म्हणजे त्यांना हात उलटे दिसत नाहीत. पहिल्यांदा काम नेहमीच्या वेगाने, एक शब्दही न बोलता, पूर्ण करायचे. त्यावरून नीट झालेले काम कसे दिसते हे डोळ्यांना कळते. दुसऱ्यांदा सावकाश करत प्रत्येक टप्प्याचे कारण सांगायचे. तिसऱ्यांदा हात माझे आणि बोलणे विद्यार्थ्याचे. तो जे सांगेल तेवढेच करायचे, पायरी विसरला तर थांबायचे. चौथ्यांदा त्याने करायचे आणि करता करता बोलायचे. तिसरी फेरी बहुतेक जण गाळतात, पण विद्यार्थ्याच्या डोक्यात काय उतरले नाही हे तिथेच उघडे पडते आणि अजून कोणतेही सामान खराब झालेले नसते.

वायरचे टोक टर्मिनलला जोडणे हे सर्वांत साधे काम घ्या. आवरण सोलताना तांब्यावर खाच पडता कामा नये, कारण वायर पुढे त्याच खाचेवर तुटते. स्क्रूभोवती वळसा घालायचा असेल तर तो स्क्रू आवळण्याच्या दिशेने घालावा. उलटा घातला तर आवळताना वळसा उघडतो. टर्मिनलच्या बाहेर उघडे तांबे दिसू नये आणि आवरण टर्मिनलच्या आत दबू नये. आवळून झाल्यावर वायर हाताने ओढून पाहावी. या पाच गोष्टींपैकी प्रत्येकीचे कारण विद्यार्थ्याला सांगता आले पाहिजे. सैल जोडणी तापते, तापली की आणखी सैल होते आणि शेवटी आग लागते, ही साखळी ज्याने एकदा समजून घेतली तो कोणी पाहत नसतानाही वायर ओढून पाहतो.

इथे भाषेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. पेडणे, सत्तरी, डिचोली, फोंडा या भागांतली बरीच मुले प्राथमिक शाळा मराठीतून किंवा कोकणीतून शिकलेली असतात, माध्यमिक शाळेपासून इंग्रजी सुरू होते, आणि तुकडीत काही मुले घरी कन्नड किंवा हिंदी बोलणारीही असतात. अवजाराचे व भागाचे नाव बाजारात आणि कारखान्यात जे चालते तेच शिकवावे. 'कॉन्टॅक्टर'ला मराठी प्रतिशब्द शोधून मुलाचे काही भले होत नाही, दुकानात तो शब्द कोणी ओळखत नाही. कारण मात्र ज्या भाषेत मूल विचार करते त्या भाषेत समजावून सांगावे, आणि त्याने ते आपल्या भाषेत परत सांगेपर्यंत पुढे जाऊ नये. सुरक्षिततेचे हुकूम तुकडीतल्या सर्वांना कळतील अशा चार-पाच शब्दांत ठरवून घ्यावेत व वर्षभर बदलू नयेत. "थांब" म्हटल्यावर सगळ्यांचे हात एकाच क्षणी थांबले पाहिजेत.

दोष शोधायला शिकवणे

नवीन जोडणी पुष्कळांना करता येते. नोकरीत ज्याची किंमत होते तो बिघाड शोधणारा असतो, आणि दुर्दैवाने याच गोष्टीला आपण सर्वांत कमी वेळ देतो. वर्षाच्या मध्यावर प्लायवूडची एक मोठी फळी घेऊन तिच्यावर दोन-तीन दिवे, सॉकेट, स्टार्टर आणि एक लहान मोटर असे पूर्ण परिपथ जोडावेत, आणि फळीच्या मागे लपवलेल्या स्विचांनी दोष घालता येतील अशी सोय करावी: तुटलेली न्यूट्रल, उडालेला कंट्रोल फ्यूज, ट्रिप झालेला ओव्हरलोड रिले, न चिकटणारा होल्डिंग संपर्क (बटण सोडल्यावरही मोटर चालू ठेवणारा). स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी स्टार जोडणीत कमी प्रवाहावर सुरू करून मग डेल्टा जोडणीत नेणारा) असेल तर टायमर चुकीच्या वेळेवर ठेवून पाहावे; या जोडणीत सुरुवातीचा लाइन प्रवाह थेट सुरू करण्याच्या तुलनेत एक तृतीयांश असतो, परंतु मोटर पुरेसा वेग घेण्याआधीच डेल्टात गेली तर तो लाभ हातचा जातो, हे अँमीटरवर दिसते.

या फळीवर काम करताना माझा एक कडक नियम असे. अवजाराला हात लावण्यापूर्वी विद्यार्थ्याने कागदावर तीन ओळी लिहायच्या: काय चालत नाही, काय चालते, आणि त्यावरून दोष कुठे असावा. "काय चालते" ही ओळ मुले सुरुवातीला रिकामी सोडतात आणि खरा शोध तिच्यातच असतो. त्यानंतर मोजमाप, तेही मधोमध. एकामागून एक आठ जोडण्या असतील आणि पहिलीपासून मोजत गेले तर सात मोजमापे लागू शकतात. मधोमध मोजले की निम्म्या जोडण्या निर्दोष ठरतात, उरलेल्या चारांच्या मध्ये पुन्हा मोजायचे, आणि तीन मोजमापांत दोष सापडतो. अंदाजाने भाग बदलत सुटणाऱ्या मुलाला गुण देऊ नयेत, दिवा पेटला तरीही.

गोव्याचे हवामान हा या विषयाचा फुकट मिळालेला शिक्षक आहे. जून ते सप्टेंबर या काळात आवारातल्या दिव्यांत, बाहेरच्या सॉकेटांत आणि जुन्या चिऱ्याच्या भिंतींत ओल शिरते आणि आरसीसीबी पुन्हा पुन्हा पडतो. घरोघरी याच्यावर एकच उपाय चालतो, तो म्हणजे एकेक एमसीबी (प्रत्येक शाखेचा छोटा ब्रेकर) पाडून पाहणे. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात गळती असेल, तर एकेरी एमसीबी पाडूनही आरसीसीबी चालू राहत नाही, कारण तो एमसीबी फक्त फेज तोडतो आणि न्यूट्रल जोडलेलीच राहते. हा दोष फळीवर मुद्दाम घालावा, मुलांना गोंधळू द्यावे, आणि मग मुख्य पुरवठा बंद करून न्यूट्रल एकेक सोडवत ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या मीटरने) मोजायला लावावे. निरोगी वायरिंगचे वाचन १ मेगओहमच्या बरेच वर असते. ओल धरलेली शाखा लगेच वेगळी दिसते. मात्र मेगर लावण्यापूर्वी एलईडी दिवे व इलेक्ट्रॉनिक उपकरणे सोडवलेली आहेत ना, हे मुलांकडून मोठ्याने वदवून घ्यावे.

दुसरा प्रयोग अर्थिंगचा. आपल्या जांभ्या जमिनीचा विजेला होणारा विरोध मुळात जास्त, आणि उन्हाळ्यात ती वाळली की तो आणखी वाढतो. संस्थेच्या अर्थ-खड्ड्याचा रोध मे महिन्यात अर्थ टेस्टरने मोजावा, वहीत तारीख घालून लिहून ठेवावा, आणि त्याच खुंट्या त्याच अंतरावर रोवून जुलैमध्ये पुन्हा मोजावा. दोन आकड्यांतला फरक पाहिला की, अर्थिंगची तपासणी कोरड्या दिवसांत का करायची आणि खड्ड्यात पाणी घालायला का सांगतात, हे वेगळे समजावावे लागत नाही. वायरिंगसाठी आयएस ७३२ आणि अर्थिंगसाठी आयएस ३०४३ ही भारतीय मानके आहेत. ती कपाटात बंद न ठेवता या मोजमापाच्या दिवशी टेबलावर उघडी ठेवावीत.

अबोल मुलांविषयी

प्रत्येक तुकडीत तीन-चार मुले अशी असतात की जी प्रश्न विचारत नाहीत, लेखी चाचणीत मागे पडतात आणि हळूहळू गैरहजर राहू लागतात. त्यांना 'ढ' ठरवण्यापूर्वी गावात ती काय करतात याची चौकशी करावी. एका वर्षी असाच एक मुलगा माझ्या तुकडीत होता. ओहमचा नियम त्याला फळ्यावर मांडता येत नसे. शिगम्याच्या वेळी त्यांच्या वाड्याच्या चित्ररथाजवळ तो मला भेटला, तेव्हा रथावरच्या राक्षसाचे हात वर-खाली हलवणारी यंत्रणा त्यानेच बसवली होती असे कळले. वायपरची जुनी मोटर, सायकलची साखळी आणि बॅटरी एवढ्यावर ते सगळे चालले होते. परत आल्यावर मी त्याला तीच मोटर कार्यशाळेत आणायला सांगितली. ती उतरवताना, भार वाढला की प्रवाह का वाढतो आणि वायर का तापते, हे त्याने मोजून पाहिले, आणि ओहमचा नियम त्याला त्या दिवशी सापडला. नरकासुराचे सांगाडे जोडणारी, चवथीला माटोळीभोवती (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या सजावटीभोवती) रोषणाई करणारी, वडिलांच्या होडीचे इंजिन उघडणारी मुले आपल्याकडे गावोगाव आहेत, आणि त्यांची ही कमाई शिक्षणाच्या बाहेरची मानण्याची चूक निदेशकाने करू नये. त्यांच्या जोडकामातले धोके मात्र तिथेच स्पष्ट दाखवावेत, कारण उत्सवाची वायरिंग बहुधा उघड्या जोडांवर आणि पावसाच्या भरवशावर उभी असते.

मुली तुकडीत असतील तर जॉब मुलांइतकेच, त्याच क्रमाने आणि त्याच मापाचे द्यावेत. त्यांच्याकडे वह्या व नोंदी सोपवून शिडीवरचे काम मुलांना देणे हा सोयीचा अन्याय आहे, आणि तो फार वेळा चांगल्या हेतूने होतो.

मूल्यमापन

प्रात्यक्षिकात उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के लागतात, इतर विषयांत ३३. प्रात्यक्षिकाची अट उगाच चढी ठेवलेली नाही, म्हणून तिथे दया दाखवू नये. प्रत्येक जॉबचे निकष काम सुरू होण्यापूर्वी फळ्यावर लिहावेत, विद्यार्थ्याने आधी स्वतःला गुण द्यावेत, आणि मग निदेशकाने द्यावेत; दोन आकड्यांत अंतर असेल तर त्यावर दोन मिनिटे बोलावे. नोंदी त्याच दिवशी कराव्यात.

कारखान्याच्या दारापर्यंत

निदेशकाने वर्षातून निदान दोनदा, शक्य तर सुट्टीत, आपल्या ट्रेडची माणसे जिथे काम करतात तिथे जाऊन दिवसभर उभे राहावे. वेर्णा, कुंडई, पिळर्ण, कुंकळ्ळी या वसाहती दूर नाहीत, किनाऱ्यावरच्या हॉटेलांचे देखभाल विभाग आहेत, वास्कोला जहाजबांधणीचे काम आहे. तिथल्या सुपरवायझरला "आमची मुले कशी आहेत?" असे विचारल्यास तो शिष्टाचाराने "बरी आहेत" म्हणेल. त्याऐवजी, मागच्या महिन्यात नव्या मुलाने केलेली कोणती चूक तुम्हाला पुन्हा करावी लागली, असे विचारावे. त्या उत्तरातून पुढच्या वर्षाचा एक जॉब तयार होतो. मला एकदा असे उत्तर मिळाले की, मुले पॅनेल उत्तम जोडतात पण वायरला नंबर घालत नाहीत. त्या वर्षीपासून माझ्या कार्यशाळेत नंबर नसलेला जॉब तपासायला घेतलाच गेला नाही.

एकाच यंत्रावर किंवा एकाच उद्योगावर विद्यार्थी बेतू नये. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, तेव्हा खनिज वाहणाऱ्या टिपरच्या दुरुस्तीवर जगणाऱ्या कितीतरी जणांना हातचे काम सोडावे लागले. इंजिनाचे तत्त्व ज्याला कळले होते त्याला बोटीच्या किंवा जनरेटरच्या इंजिनाकडे वळता येत होते. ठरावीक गाडीचे सुटे भाग बदलणे एवढेच ज्याला येत होते त्याची वाट बिकट झाली.

पुढच्या वाटांविषयी मुलांशी व पालकांशी दुसऱ्या सहामाहीत मोकळेपणाने बोलावे. १९६१च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखाली ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, आणि त्या काळात विद्यावेतन मिळते. पहिल्या नोकरीपूर्वीचे हे वर्ष फुकट जात नाही, हे पालकांना पटवून द्यावे लागते. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्याला पदविकेच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाची वाट असते, आणि पणजी, मये व कुडचडे इथली शासकीय तंत्रनिकेतने त्यासाठी जवळची आहेत. बोटीवर जायचे स्वप्न पाहणारा मुलगा तर प्रत्येक तुकडीत असतोच. त्याला नाउमेद करू नये, परंतु ट्रेडच्या प्रमाणपत्राखेरीज एसटीसीडब्ल्यू या खलाशांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांखालची मूलभूत सुरक्षा प्रशिक्षणे आणि सीडीसी, म्हणजे खलाशाचे ओळख व सेवा-नोंद पुस्तक, लागते हे आधीच सांगावे, म्हणजे एखाद्या दलालाला पैसे देण्यापूर्वी तो चौकशी करील. सरकारी नोकरीची वाट पाहत बसलेल्यालाही हात चालू ठेवायला सांगावे. दोन वर्षे पक्कड न धरलेला हात परीक्षकाला लगेच ओळखू येतो.

तुकडी बाहेर पडताना प्रत्येकाचा फोन नंबर एका वहीत घ्यावा, आणि त्याच्या परवानगीने सहा महिन्यांनी त्याला फोन करावा. तीन गोष्टी विचाराव्यात: रोज कोणते काम करतोस, आम्ही शिकवलेल्यातले काय तिथे उपयोगी पडले, आणि काय शिकवायला हवे होते. उत्तर त्याच्याच शब्दांत, पुढच्या वर्षीच्या आराखड्यात संबंधित जॉबच्या समोरच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवावे आणि नवी तुकडी तो जॉब हाती घेईल त्या सकाळी ते पान उघडावे.